तुझ्या शांततेतली मोटरसायकल

मार्था, शेवगावच्या चौकात तू कैलासवासी झाली आहेस. फ्लेक्स चांगला मोठा आहे. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', मधोमध तुझा कॉलेजातला फोटो, भोवती छापलेल्या झेंडूच्या माळा आणि खाली 'कै. माधुरी'. तुझ्या धाकट्या भावाने, दानूने लावलाय. चौकातून तुमच्या गावाकडे निघालं आणि ओढा ओलांडला की ख्रिस्ती दफनभूमी लागते. तिथे लाकडी क्रुसावर पांढऱ्या रंगात लिहिलंय, 'मार्था, प्रभूमध्ये निजली'. तो क्रूस तुझ्या आईंनी करून घेतला. या दोन्हींच्या मधल्या रस्त्यावर मी गाडी बाजूला घेऊन आधी हसलो आणि मग रडलो. फ्लेक्सवरून क्रुसापर्यंतचा हा शॉट तू सोडला नसतास. आता कॅमेरा धरायलाच कुणी नाही.

तुमच्या घरात प्रत्येकाला दोन नावं. बाप्तिस्म्याचं एक आणि शाळेच्या दाखल्यावरचं दुसरं. तू मार्था आणि माधुरी, दानू म्हणजे दानिएल आणि दिनेश. पणजोबा ख्रिस्ती झाले, पण गावाने त्यांची जात काही सोडवली नाही. पाणवठा वेगळा होता, तो वेगळाच राहिला. पुढे सवलती आल्या, त्या ख्रिस्ती म्हणवणाऱ्याला मिळेनात, म्हणून कागदावर जुनंच सगळं ठेवलं गेलं. रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, गीतं गायची, जयंतीच्या मिरवणुकीत पुढे नाचायचं आणि कचेरीत गेल्यावर तिसरंच कुणीतरी व्हायचं. यावर फिल्म करायची असं तू म्हणालीस तेव्हा मी विचारलं होतं, नाव काय देणार? 'हजेरी', तू म्हणालीस. मास्तरांनी माधुरी अशी हाक मारली की 'हजर' म्हणायला तुला दर वेळी जरासा उशीर व्हायचा, म्हणून.

आईंना मात्र घरात एकच नाव चालायचं. ती कागदावरची नावं त्यांनी घरात कधी तोंडातून काढली नाहीत. शाळेत बोलावणं आलं तरी 'आमची थोरली', 'आमचा धाकटा' एवढ्यावर भागवायच्या. दिवाळीत दारात लावलेला कंदील त्या नाताळ उलटून नवं वर्ष लागेपर्यंत काढायच्या नाहीत. काढ-घाल कोन करत बसल, म्हणायच्या. तू त्यावर मोठा विचार करत होतीस, दोन धर्म, एक उजेड वगैरे. त्यांना फक्त स्टुलावर चढायचा कंटाळा होता. पहिल्या मुलाखतीत त्यांनी तुला हे असं काही सांगितलं की हसून तुझा कॅमेरा हलला, आणि तो हललेला शॉट तू तसाच ठेवलास.

आपण दोघंच होतो त्या फिल्मला. कॅमेरा तुझा, आवाज माझा. शूटिंग संपलं की त्या जागेची शांतता मिनिटभर रेकॉर्ड करायची, हे माझ्या धंद्यातलं रोजचं काम. आम्ही त्याला रूम टोन म्हणतो. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. नंतर कुठे आवाज कापला तर त्या भोकात त्याच खोलीची शांतता भरावी लागते, नाहीतर ऐकणाऱ्याला ठेच लागते. बहुतेक दिग्दर्शकांना हे मिनिट नकोसं होतं. तू त्याच्यावर जीव टाकायचीस. पंखा बंद, फ्रीज बंद, सगळे जागच्या जागी उभे, आणि तुझा कॅमेरा मात्र चालूच. माणसं गप्प उभी राहिली की त्यांचे चेहरे खरे होतात, हे तुझं मत. त्या मिनिटात जे येईल ते ठेवायचं, हा तुझा नियम. शेळी ओरडली, कुकरची शिट्टी झाली, काहीही असो, आलेलं काढायचं नाही.

मी हेडफोन चढवले की डोळे मिटून घेतो. तुला त्याची फार गंमत वाटायची. बुवांची समाधी लागली, असं तू सगळ्यांना हळूच सांगायचीस. माझ्या घरात पौरोहित्य आणि मास्तरकी पिढ्यान्पिढ्या, त्यामुळे 'बुवा' हे नाव मला तूच चिकटवलंस. एडिटिंगच्या वेळीही मी पडद्याकडे पाठ करून बसतो म्हणून आपली भांडणं व्हायची. चित्र तुझ्याकडे, कान माझ्याकडे, अशी वाटणीच झाली होती. ती वाटणी आपल्याला एवढी महागात पडेल असं वाटलं नव्हतं.

आईंच्या स्वयंपाकघरातली शांतता घेतली तो दिवस तुला आठवत असेल. मृतांना आठवतं का, हा वाद आपण कधी घातला नाही, नाहीतर तोही अर्धाच राहिला असता. आई ओट्याला टेकून उभ्या होत्या. मी डोळे मिटलेले. गल्लीत एक मोटरसायकल येऊन थांबली, इंजिन चालूच. आणि आई मध्येच म्हणाल्या, "दानू आला वाटतं. च्या टाकते." मी वैतागलो, तू तोंड दाबून हसलीस. गाडी थोडा वेळ फटफटली आणि निघून गेली. तू दाराशी जाऊन पाहिलंस तर गल्लीत कुणी नव्हतं. दानू तेव्हा तुझ्याशी बोलत नव्हता, घरी यायचाही बंद झाला होता, आणि त्या दिवसांत आईंना कुठलीही गाडी दानूचीच वाटायची. पुन्हा मिनिट घ्यायचं का, मी विचारलं. तू म्हणालीस, नको, हेच राहू दे.

दानूचा राग मला कळत होता. त्याची सरकारी नोकरी राखीव जागेवरची. फिल्ममध्ये तो रविवारी देवळात पेटी वाजवताना दिसतो. एवढं एक दृश्य कुणी नको त्या टेबलावर नेऊन ठेवलं असतं तर त्याची नोकरी गेली असती, कदाचित त्याहून जास्त काही झालं असतं. मी तुला म्हटलं, त्याचा चेहरा धूसर करू. तू माझ्याकडे असं पाहिलंस जसं मी त्याला बेड्या घालायला सांगितलं होतं. तोंड झाकलं की तो गुन्हेगार दिसेल, तू म्हणालीस, आणि त्याने गुन्हा काय केलाय, पेटी वाजवलीय. मग नेहमीचं: बुवा, तुझं नाव देवळात, शाळेत, रेशनकार्डावर एकच आहे, तुला काय कळणार. जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा तर तू पेढे वाटायला निघाली होतीस, आता सगळ्यांनाच दोन नावांनी राहायला लागणार म्हणून. पण चेहऱ्याचा तो वाद आपला मिटला नाही. आजही मला वाटतं माझं बरोबर होतं. आणि आजही तुझं वाक्य मला खोडता येत नाही.

मग तुला फोन सुरू झाले. संगमनेरच्या कॉलेजात अर्ध्या तासाचा तुकडा दाखवला त्यानंतर. तुम्ही नक्की कोण, असं विचारून समोरचा गप्प बसायचा. कुणी देवळातलं म्हणायचं, आम्हाला खोटारडे ठरवताय. कुणी म्हणायचं, एका फिल्मपायी शेकडो पोरांच्या नोकऱ्या जातील. तू सगळ्यांशी नीट बोलायचीस, उलट त्यांनाच मुलाखत देता का विचारायचीस. मला हसू यायचं. कोपरगावला गोदावरीच्या काठावर शूटिंग करताना तू मागे वळून बघायला लागलीस. आधी कधी बघायची नाहीस.

एका दुपारी नगरला माझ्या सावेडीच्या खोलीत मी तुला तीन ठिकाणच्या शांतता ओळीने ऐकवल्या. संगमनेरच्या कॉलेजामागची, कोपरगावची, आणि नेवाशाकडच्या त्या पडक्या शाळेची. तिन्हीत लांबून एक मोटरसायकल येते, थांबते, इंजिन चालू ठेवते आणि जाते. तिन्हीत गाडी एकच. सायलेन्सरला भेग असावी, मागून एक फुरफूर येते. मी म्हटलं, मार्था, कुणीतरी आपल्या मागावर आहे. तू हेडफोन स्वतःच्या कानाला लावून पुन्हा पुन्हा ऐकलंस. तुझा चेहरा कसा झाला ते मी सांगू शकत नाही, कारण मी नेहमीप्रमाणे दुसरीकडे बघत होतो. तू एवढंच म्हणालीस, कापू नकोस.

पोलिसांत जाऊ, मी म्हणालो होतो. कुठल्या नावाने तक्रार देऊ, तू म्हणालीस. मला त्या वेळी तुझा भयंकर राग आला होता. सगळ्या गोष्टींवर तुझ्याकडे एक वाक्य तयार असायचं आणि वाक्य झालं की तू चहा मागायचीस.

तू गेलीस त्या संध्याकाळी फिल्मची पक्की प्रत घेऊन स्कूटीवरून नगरला माझ्याकडे यायला निघाली होतीस. पेट्रोल पंपावरून फोन केलास. ती गाडी परत मागे आहे, म्हणालीस, मी जरा दामटते. आवाजात भीती होती का? मी धंद्याने आवाज ऐकणारा माणूस आणि मला ते नक्की सांगता येत नाही. गाळप हंगाम सुरू होता. रस्त्याच्या कडेला उसाने भरलेली ट्रॉली उभी होती, मागे दिवा नाही, साधं लाल फडकंसुद्धा नाही. बाकी सगळ्यांना माहीत आहे. नेहमी मागे येणारी गाडी त्या संध्याकाळीही मागे होती, हे मी आईंना दवाखान्यातच सांगितलं होतं. पिशवीतल्या हार्ड डिस्कला ओरखडाही आला नाही, याचा मला तिटकारा येतो.

दानू सगळ्यांत आधी पोहोचला. त्यानेच तुला उचललं, टेम्पो थांबवला, दवाखान्यात नेलं. दफनाच्या दिवशी जो तो हेच म्हणत होता की बोलणं बंद होतं पण रक्ताची ओढ बघा, कसा वाऱ्यासारखा आला. कचेरीतल्या लोकांना त्याने सांगितलं होतं की अंत्यविधी परगावी उरकला, त्यामुळे तिथलं कुणी नव्हतं. पाळकसाहेबांनी 'आमची भगिनी मार्था' म्हटलं तेव्हा तो इकडेतिकडे बघत होता. शवपेटीवर टाकायची माती त्याने न बघताच टाकली, ती माझ्या बुटावर पडली. आई त्याला धरून उभ्या होत्या. हिला दोन नावं हुती, त्या कुणाला तरी म्हणाल्या, आता हितं तरी एकच ऱ्हाईल.

सगळे गेल्यावर मी थांबलो. पिशवीतून रेकॉर्डर काढला, हेडफोन चढवले. माणसं उठून गेली की जागा काय बोलते ते घे, असं तू म्हणायचीस. ओढ्याचं पाणी, बाभळीवर घुमणारा होला, लांबवर कारखान्याची घरघर. मी डोळे मिटले. आणि गाडी आली. तीच फुरफूर. डोळे उघडायचं धाडस होईना. गाडी माझ्या मागे येऊन थांबली, आणि पहिल्यांदाच त्या गाडीचं इंजिन बंद झालं. मी वळून पाहिलं. दानू उभा होता.

"वळखली ना, दादा?" तो म्हणाला.

मी मान हलवली. तो तुझ्या मातीच्या ढिगाकडे बघत बोलत राहिला. सुरुवातीला तू कुणाकुणाला भेटतेस ते बघायला तो मागे यायचा. फोन त्यालाही यायचे, बहिणीला आवर म्हणून. नंतर त्याला भीती वाटायला लागली की हे लोक तुला काहीतरी करतील, म्हणून मागे राहायचा. समोर यायची सोय नव्हती, भांडण झालेलं. त्या संध्याकाळी त्याने ठरवलं की आज गाठायचं आणि बोलायचं.

"जवळ गेलो, हात केला," तो म्हणाला. "माझा लाईट तिच्या आरशात. तिला काय दिसनार? तिनं गाडी पळवली."

मातीच्या ढिगावरचं एक ढेकूळ त्याने बोटांनी फोडलं. मग म्हणाला, "फिल्म दावा तुमी. माझं त्वांड झाकू नका. नोकरी गेली तर जाऊ द्या. फक्त त्यो गाडीचा आवाज काढा. आईला त्यो वळखू येतो."

मार्था, मी हो म्हटलं. तू काय म्हणाली असतीस ते मला माहीत आहे. पण तू मातीखाली होतीस आणि हा माणूस माझ्यासमोर उभा होता. आणि मला आईंच्या स्वयंपाकघरातलं ते मिनिट आठवलं. सगळ्यांत आधी त्यांनीच ओळखलं होतं, आणि आपण दोघांनी ते मनावर घेतलं नव्हतं.

मी खोली बंद करून बसलो आणि तुझा नियम मोडला. संगमनेर, कोपरगाव, नेवासा, तिन्हीकडून गाडी उचलून टाकली. स्वयंपाकघरातलं अवघड होतं. आईंचं वाक्य बरोबर गाडीच्या आवाजावर बसलेलं, एक काढायचं तर दुसरंही काढावं लागत होतं. दोन्ही काढलं. भोकात त्याच स्वयंपाकघरातली, त्याआधीची शांतता भरली. तू माइकच्या अगदी जवळ उभी होतीस, त्यामुळे त्या तुकड्यात तुझा श्वास आहे. मी तोच वापरला, दुसरा नव्हता. नेहमीप्रमाणे डोळे मिटून ऐकलं. कुठे ठेच लागत नव्हती. काम इतकं चोख झालं होतं की मला स्वतःची किळस आली, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटला.

एक गोष्ट तुला विचारायची राहिली. त्या दुपारी हेडफोन लावून तू ती गाडी पुन्हा पुन्हा ऐकलीस, तेव्हा तुला कळलं होतं का? कळलं असेल तर त्या संध्याकाळी तू घाबरून पळाली नाहीस, रागाने पळालीस. किंवा भाऊ गाठायला आलाय या भीतीने, ती आणखी वेगळी भीती. कळलं नसेल तर तू अनोळखी माणसाला भिऊन मेलीस आणि तो अनोळखी नव्हता. यातलं कुठलंही उत्तर मला नको आहे. तरी रोज विचारतो.

कापलेलं सगळं मी आज सकाळी परत जागच्या जागी ठेवलं. का, ते सांगतो.

काल दुपारी आईंनी फिल्म बघितली. मलाच बोलावून घेतलं त्यांनी, माझ्या पोरीचा पिक्चर मला आधी दाव म्हणून. खिडकीला चादर बांधली, टीव्हीला लॅपटॉप जोडला. खाटेवर आई आणि त्यांच्या शेजारी दानू. मी खाली भिंतीला टेकून, पडद्याकडे अर्धी पाठ करून. कंदिलाचा किस्सा आला तेव्हा आई हसल्या. दानू पेटी वाजवताना दिसला तेव्हा त्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तुझा आवाज आला की त्या पुढे सरकून बसत होत्या. मला वाटलं, निभावलं.

स्वयंपाकघर आलं. मी डोळे मिटले. शांतता, तुझा श्वास, शांतता. कुठेही ठेच नाही.

"थांबव रं ते," आई म्हणाल्या.

मी थांबवलं आणि डोळे उघडले. पडद्यावर आई ओट्याला टेकून उभ्या होत्या आणि त्यांचं तोंड उघडं होतं. बोलता बोलता थांबलेलं तोंड. मी आवाज काढला होता, ओठ तसेच हलत राहिले होते. इतके दिवस त्या कामात मी एकदाही पडद्याकडे बघितलं नव्हतं.

"हितं म्या बोलले हुते," आई म्हणाल्या. "दानू आला वाटतं, असं म्हनले हुते. गाडी वाजली हुती गल्लीत. ती गाडी कुटं गेली?"

मी लॅपटॉपकडे बघत राहिलो. त्यांनी मला पुन्हा विचारलं नाही. त्या दानूकडे बघत होत्या. गुडघ्यावरचा हात त्यांनी उचलून घेतला होता. गल्लीच्या बाजूने ऊन चादरीतून आत येत होतं आणि दानूच्या कपाळावर घाम दिसत होता. मग तो उठला, चपला न घालता अंगणात गेला आणि त्याने गाडीला किक मारली.

फटफट, आणि मागून ती फुरफूर. तो गाडीशेजारी नुसता उभा राहिला, इंजिन चालू ठेवून. एवढंच सांगायची त्याची ताकद उरली होती. आई मान थोडी कलती करून ऐकत होत्या, अगदी आपण हेडफोन लावून ऐकायचो तशा. तू ट्रॉलीवर आदळलीस त्या संध्याकाळी मागे कोण होतं, तो इतक्या लवकर कसा पोहोचला, हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावर एकेक करून पोहोचताना या वेळी मी पाहिलं. डोळे मिटायचे राहून गेले.

मला वाटलं त्या रडतील, किंवा दानू म्हणून हाक मारतील. त्या उठून उंबऱ्यापाशी गेल्या, चौकटीला धरून उभ्या राहिल्या, आणि जे नाव त्यांनी या घरात कधी घेतलं नव्हतं ते घेतलं.

"दिनेश," त्या म्हणाल्या, "बंद कर ती गाडी."

त्याने किल्ली फिरवली. त्यानंतरची शांतता मी घेतली नाही, मार्था.